जीई कुठे आहे

सुनील बोटीवर स्वयंपाकी म्हणून लागला, तेव्हा पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या त्याच्या वाडीत कुणाला ते खरंच वाटेना. वाडीतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली होती. कुणी गोदीत ओझी वाहिली, कुणी खानावळी चालवल्या, पण जमीन सोडून पाण्यावर राहायला गेलेलं कुणी नव्हतं. त्याचे वडील मुरारी म्हणाले होते, "आमाला सावित्रीचा पूर बगितला तरी घेरी येते, आन ह्यो दर्यावर भाकऱ्या थापनार!" पण सुनीलच्या हाताला चव होती आणि पायाला भिंगरी. मुंबईत राहणाऱ्या त्याच्या चुलतभावाने, राजेशने, एका एजंटाकडून काम जमवून दिलं, आणि सुनील एका मध्यम आकाराच्या मालवाहू बोटीच्या भटारखान्यात रुजू झाला.

त्याची बायको सारिका महाडात भाड्याच्या खोलीत राहायची. औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात, माल बाहेर पाठवण्याच्या विभागात तिला काम होतं. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक निळ्या पिंपावर लेबल लावायचं, आणि त्या लेबलावर देशाची दोन अक्षरं बिनचूक यायला हवीत. पिंपाबरोबर एक माहितीपत्रक जायचं. माल सांडला, अंगावर उडाला, तर काय करायचं ते त्यात असायचं. ते घेणाऱ्याच्या भाषेत लागे, म्हणून भाषेचीही दोन अक्षरं हवीत.

कामावर लागली त्या आठवड्यात विभागातल्या हर्षदने तिला शेजारी बसवून शिकवलं होतं. हर्षद महाडचाच, पुण्यात काही वर्षं संगणकाचं काम करून परत आलेला. विभागातला जुना संगणक फार रेंगाळायला लागला तेव्हा त्याने त्यात लिनक्स घातलं होतं, आणि अक्षरं शोधायला एक काळी खिडकी उघडून दिली होती.

"सारिकाताई, इथे अंदाज करायचा नाही," तो म्हणाला होता. "डोकं म्हणेल, स्वीडन म्हणजे एस डब्ल्यू. तर नाही. स्वीडन देश एस ई, आणि स्वीडिश भाषा एस व्ही. आता भाषेचं एस व्ही देशाच्या जागी घातलंत तर तुमचं पिंप कुठे जाईल? एल साल्वादोरला. ही अक्षरं सगळ्या जगाने मिळून ठरवलेली आहेत. आपल्याला वाटतं ती नसतात. म्हणून विचारायचं."

विचारायचं म्हणजे त्या काळ्या खिडकीत isoquery असं लिहायचं, जागा सोडायची, अक्षरं लिहायची आणि एंटर दाबायचं. खालच्या ओळीत उत्तर उमटे. आधी अक्षरं, मग एक आकडा, आणि शेवटी देशाचं नाव, तेही चक्क मराठीत. माऊसने टिचक्या मारत बसायला नको की इंटरनेट चालू असायला नको. सारिकाला पहिले काही दिवस त्या काळ्या चौकटीची धास्तीच वाटायची. पुढे तिला तिचा लळा लागला. चहाची सुट्टी झाली की ती उगाच कुठलीतरी दोन अक्षरं टाकून बघायची आणि रात्री सुनीलचा फोन आला की सांगायची, "आज मला फेरो बेटं सापडली. तुमची बोट जाते का तिकडे?" सुनील हसायचा. म्हणायचा, "मी कुठं हाय ते मलाच माहीत नसतं गो. मला तर डाळ कुठं हाय तेवढंच ठावं."

दिवाळी सरली होती, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतली नाचणी कापायला आली होती, तेव्हाची गोष्ट. सुनीलने चित्रासकट फोन केला तो पोटावर हात धरूनच. उजव्या बाजूला दुखत होतं. "ओवा खाल्लाय. उद्यापर्यंत उतरंल," तो म्हणाला. चेहरा मात्र कढईच्या बुडासारखा काळवंडला होता. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

राजेशने एजंटाला गाठलं. आधी तो म्हणाला, समुद्रात नेटवर्क नसतं. मग म्हणाला, बोट ठीक आहे. राजेशने त्याच्या दारात ठाण मांडलं तेव्हा कुठे कबूल केलं, की सुनील आजारी पडला, त्याला एका बंदरात उतरवलं आणि बोट पुढे गेली. बोटीकडून आलेली एका ओळीची सूचना त्याने राजेशच्या फोनवर टाकली, आणि त्यानंतर एजंटाचा फोन बंद झाला तो झालाच.

राजेशने ती ओळ वाचली आणि वाडीत कळवलं, "काका, टेन्शन घेऊ नका. सुनील जर्मनीत आहे. तिकडचे डॉक्टर म्हणजे एकदम टॉप."

जर्मनी हे नाव वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. लोकांना हायसं वाटलं. सुनीलची आई ठमाबाई शेजारणींना सांगायला लागली, "माजा सुनील जर्मनीत हाय. मोठ्या दवाखान्यात हाय." पण त्या मोठ्या देशात सुनील कुठल्या दवाखान्यात आहे ते काही कळेना. राजेशने ऑफिसातून रजा काढली. सकाळपासून फोनला चिकटून बसायचा, मोडक्यातोडक्या इंग्रजीत एकामागून एक दवाखाने विचारायचा. तिथल्या आपल्या वकिलातीतल्या माणसांनीही मनापासून चौकशी केली. त्यांनी शेवटी कळवलं, की या नावाची बोट इतक्यात इथल्या कुठल्याही बंदराला लागलेली नाही.

मग गेला कुठे माणूस?

ठमाबाईने जेवण टाकलं. मुरारी नाचणी कापायला जायचे, दोन मुठी कापायचे आणि बांधावर बसून राहायचे. सारिका कामावर जात राहिली. घरी बसली असती तर भिंती अंगावर आल्या असत्या. पिंपांवर लेबलं लावताना हात चालत राही, आणि हात चालतोय तोवर मनही कसंबसं चाले. हर्षदने तिला काही विचारलं नाही, पण तिच्या वाटणीची निम्मी कामं तो न बोलता उरकून टाकी.

एक दिवस राजेश मुंबईहून आला. मुरारींना पोलादपुरातून बरोबर घेतलं, आणि महाडच्या कोर्टाजवळच्या वकिलाकडे जायचं ठरवलं, की एजंटावर काही करता येतं का ते बघू. वाटेत सारिकाला भेटायला दोघं कारखान्याच्या फाटकाशी आले. जेवणाची सुट्टी होती. फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर तिघं बसले. मुरारींनी चहाचा पेला हातात धरला होता, पण तोंडाला लावत नव्हते.

"वहिनी, वकिलाला दाखवायला आपल्याकडे प्रूफ म्हणून ही एकच लाइन आहे," राजेश म्हणाला आणि त्याने फोन तिच्यापुढे धरला.

ती ओळ सारिकाने तोपर्यंत पाहिली नव्हती. तिने फक्त 'जर्मनी' ऐकलं होतं. ओळीत इंग्रजीत सुनीलचं नाव होतं, आजारपणामुळे उतरवल्याचं होतं, आणि शेवटी पाच अक्षरं होती. GEPTI.

"भावजी, ह्यात जर्मनी कुठे लिहिलंय?"

"हे काय. जी ई. जर्मनी. पुढचं बंदराचं काहीतरी शॉर्टफॉर्म असेल."

सारिका त्या अक्षरांकडे बघत राहिली. असले पाच अक्षरी शब्द तिच्या रोजच्या पाहण्यातले होते. पहिली दोन अक्षरं देशाची, उरलेली तीन बंदराची. न्हावाशेवाला माल चढतो तेव्हा ती आयएनने सुरू होणारा शब्द लिहायची. आणि परवाच तर तिने हॅम्बुर्गला जाणाऱ्या पिंपांची लेबलं काढली होती.

"भावजी," ती फोनवर बोट ठेवून म्हणाली, "जर्मनीला जी ई नाय हो. जर्मनीला डी ई लागतं. त्यांच्या भाषेत देशाचं नाव वेगळंच हाय, त्याच्यावरून. मी रोज लावते."

राजेशने ती ओळ पुन्हा वाचली. "मग जी ई कुठे आहे?"

"बघून येते," ती म्हणाली आणि उठली. टपरीवाल्याने उरलेला चहा पुढे केला तो तिला दिसलाही नाही.

विभागात कुणी नव्हतं. तिने खुर्ची ओढली, काळी खिडकी उघडली. घाईत ई ऐवजी शेजारच्या आरवर बोट पडलं, आणि खाली उत्तर आलं, ग्रीस. क्षणभर तिला तेच खरं वाटलं. मग तिने काय लिहिलंय ते पुन्हा वाचलं, ओठांनी पुटपुटत पुन्हा लिहिलं, एक एक अक्षर दाबून. एंटर.

GE GEO 268 जॉर्जिया

एवढीच ओळ होती. तिच्या भाषेत, तिच्या अक्षरांत. तिने तीनदा वाचली. तेवढ्यात हर्षद डबा धुऊन आत आला. तिने पडद्याकडे बोट दाखवलं आणि काय झालं ते भराभरा सांगितलं.

"जॉर्जिया," हर्षद म्हणाला. "अमेरिकेतही ह्या नावाचं राज्य आहे, पण ते हे नव्हे. अमेरिकेतलं असतं तर सुरुवात यू एसने झाली असती. हा स्वतंत्र देश आहे. तुर्कस्तानच्या वर, काळ्या समुद्राच्या काठी."

काळा समुद्र म्हटल्याबरोबर सारिकाला सुनीलचा महिन्यापूर्वीचा फोन आठवला. "नावालाच काळा हाय गो," तो म्हणाला होता, "पानी निळंच हाय." तिने तेही हर्षदला सांगितलं.

हर्षद धावपळीचा माणूस नव्हता, पण त्या दुपारी तो धावला. साहेबांकडे जाऊन त्याने राजेश आणि मुरारींना आत यायची परवानगी आणली. नंतरची तीन अक्षरं कसली ते शोधलं. पोती नावाचं बंदर निघालं. तिथल्या दवाखान्यांची इंटरनेटवरची पानं त्याने उघडली, तर सगळी अक्षरं गोल गोल, वेलांट्यांच्या वेलीसारखी. कुणालाच वाचता येईनात. मुरारी म्हणाले, "ही काय अक्षरं हायत का रांगोळी?" तरी हर्षदने हिमतीने प्रत्येक दवाखान्याला इंग्रजीतून निरोप धाडला. सुनीलचं नाव, वय, बोटीचं नाव, आणि राजेशच्या फोनचा नंबर.

मग वाट बघणं आलं. साहेबांनी चहा पाठवला. पाळी बदलली, बसमधून माणसं उतरली, मोटरसायकली लागल्या. सारिकाला घरी जायला कुणी सांगितलं नाही आणि ती गेलीही नाही.

उन्हं कलली तेव्हा राजेशच्या फोनवर परदेशी नंबरावरून निरोप आला. लिहिलेला नव्हता. बाईच्या आवाजातलं बोलणं होतं, सावकाश, दोनदा ऐकवावं तसं. एकही शब्द ओळखीचा नाही. फक्त मधे एकदा 'सुनील' ऐकू आलं, आणि मुरारींचे डोळे चमकले.

"रशियन असणार," राजेश म्हणाला. त्याच्या फोनमध्ये बोलणं ऐकून भाषांतर करणारं ॲप होतं. कुठली भाषा ते आधी सांगावं लागे. त्याने रशियन निवडली. फोनने बराच वेळ विचार केला आणि उत्तर दिलं, 'लाकूड आहे, लाकूड आहे, मंगळवारी.'

"लाकडाचं काय म्हन्ते ती?" मुरारी घाबरून म्हणाले.

"काय नाय मामा, फोनला कळलं नाय," सारिका म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. तिने हर्षदकडे वळून विचारलं, "सर, आपण माहितीपत्रकाला भाषा लावतो, तशी ह्या पानालाही लावलेली असेल ना?"

हर्षदने दवाखान्याच्या पानाच्या पोटातली मांडणी उघडली. अगदी वरच्या ओळीत भाषेची दोन अक्षरं होती. के ए.

"के ए?" राजेश ओरडलाच. "के ए म्हणजे कर्नाटक! गाड्यांवर असतं."

मुरारी ताडकन उभे राहिले. "पोरगा कर्नाटकात हाय? आरं मग बसलाव कशाला, यस्टीनं निगू!"

त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच सारिकाला हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांना पाणी लागलं. "नाय हो मामा. गाडीचं वेगळं, भाषेचं वेगळं." तिने काळ्या खिडकीत या वेळी देशांऐवजी भाषांचा संच निवडला आणि के ए लिहिलं. उत्तर आलं, जॉर्जियन. खातरजमा म्हणून कन्नडही बघून घेतली, तिला के एन होतं. अंदाज करायचा नाही, विचारायचं.

राजेशने ॲपमध्ये भाषा बदलली आणि तोच निरोप पुन्हा ऐकवला. या वेळी फोन अडखळला नाही. एकेक ओळ मराठीत उमटत गेली आणि सारिका मोठ्याने वाचत गेली.

'नमस्कार. सुनील नावाचा रुग्ण आमच्याकडे नाही. मला वाईट वाटते.'

ती थांबली. मुरारींनी खाली बघितलं.

'पण एक भारतीय आहे. त्याला बोटीवरून आणले. त्याचे नाव महाड.'

राजेशने फोन हातात घेऊन ती ओळ स्वतः वाचली. "महाड नावाचा माणूस?"

"माजा पोरगा हाय तो," मुरारी म्हणाले.

"काका, नाव..."

"आरं, माजा हाय! ल्हान होता तवा छबिन्याच्या जत्रंत हरवला. पोलिसानं नाव इच्यारलं तर नाव सांगंना. गाव सांगत सुटला. घाबारला की त्यो गाव सांगतो. आता बिऱ्हाड महाडात, म्हून महाड." आणि मुरारींनी खांद्यावरचा पंचा तोंडाला लावला.

राजेशने सुनीलचा फोटो त्या नंबरावर धाडला. जरा वेळाने फोन वाजला, चित्रासकट. पडद्यावर आधी एक तरुण परिचारिका दिसली, गोरी, डोळे थकलेले, केस घट्ट बांधलेले. ती काहीतरी बोलली आणि तिने फोन वळवला. खाटेवर सुनील होता. दाढी वाढलेली, गालाची हाडं वर आलेली, नाकाशी चिकटपट्टी. त्याने पडद्याकडे बघितलं आणि मान उचलायचा प्रयत्न केला.

"सारिका," तो बसक्या आवाजात म्हणाला, "ही मानसं मला महाड म्हनतात गो."

सारिकाला पुष्कळ काही बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "जेवलात का?"

पुढे सगळं कळलं. आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, पोटातच फुटलं होतं. पोतीच्या धक्क्यावर रुग्णवाहिका आली तेव्हा तो शुद्धीत नव्हता. पिशवी आणि फोन बोटीवरच राहिले, पासपोर्ट बंदरातल्या कुणा माणसाच्या ताब्यात गेला. दवाखान्यात नाव विचारलं की तापाच्या भरात तो 'महाड, महाड' एवढंच बडबडत होता, म्हणून त्यांनी तेच लिहून घेतलं. मग शस्त्रक्रिया झाली, नंतर विष अंगात भिनलं, तोंडात नळी घातली. नळी काढून एकच दिवस झाला होता. आवाज बसला होता, आणि सारिकाचा नंबर आठवायला जावं तर शेवटचे आकडे एकमेकांत मिसळत होते.

त्या परिचारिकेचं नाव नीनो. तिने पाळी संपली तरी घरी न जाता या परक्या माणसाच्या उशाशी बसून रात्री काढल्या होत्या. नळी निघाल्यावर आईच्या हातचं पातळ सूप घरून आणून चमच्याने भरवलं होतं. हे सगळं सुनीलने थांबत थांबत सांगितलं, आणि त्याला थकवा आला तशी नीनोने हात हलवून फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी राजेशने ठमाबाईला महाडला आणलं. सारिकाच्या खोलीत पुन्हा फोन लागला. लेकाला डोळे भरून बघून झाल्यावर ठमाबाई म्हणाली, "आता त्या पोरीला दाव." नीनो पडद्यावर आली. ठमाबाईने आधी दोन्ही हातांनी तिच्यावरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली, आणि मग फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन बोलायला लागली.

"बाय गो, तू कोन कुटली! तुजं माजं नातं नाय, गोत नाय. माज्या लेकाला तू पेज भरवलीस. मी हितं हात चोळत बसले व्हते, तवा तू माज्या जागी बसलीस. देव तुजं भलं करो, तुज्या आईची कूस उजळो."

ॲपला ठमाबाईची बोली झेपेना. त्याने हात, पेज आणि देव यांचा काही भलताच काला केला. शेवटी सारिकाने सासूचं एकेक वाक्य पुस्तकी मराठीत लिहिलं, तपासलं आणि धाडलं. 'गोत' आणि 'कूस' यांचं काय झालं असेल ते देवच जाणे. पण नीनोने वाचलं, आणि डोळे पुसले. तिचं उत्तर आलं ते असं: 'माझा भाऊपण बोटीवर काम करतो. मी विचार करते, तो कुठे आजारी पडला तर तिथे कुणीतरी असेल. तुमच्या मुलाला सूप देताना मी भावाला देत होते.'

सारिकाने वाचून दाखवलं. ठमाबाईने मान डोलावली आणि त्या दिवशी भात खाल्ला, आमटीसकट.

मग कामं भराभर झाली. त्या देशाचं काम बघणाऱ्या आपल्या वकिलातीला राजेशने कळवलं. तिथल्या एका बाईंनी दवाखान्यात स्वतः फोन केला, बंदरातून पासपोर्ट मिळवून दिला, आणि सुनील प्रवासाला लायक झाल्यावर त्याला विमानात बसवायची व्यवस्था केली. राजेश त्याला आणायला विमानतळावर जाणार होता. त्याआधी तो सारिकाला भेटला तेव्हा नजर टाळत होता.

"वहिनी, मी भलत्याच देशात शोधत बसलो. तिथेच किती दिवस गेले."

"भावजी," सारिका म्हणाली, "तुम्ही त्या एजंटाच्या दारात बसला नसतात तर ती पाच अक्षरं तरी हातात आली असती का? माझ्यासमोर आणून कुणी ठेवली? तुम्हीच ना?" राजेशने मान खाली घातली, पण खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखा त्याने श्वास सोडला.

हर्षदचे आभार कसे मानायचे ते मात्र तिला समजेना. ती बोलायला गेली तर तो म्हणाला, "मी काय केलं? तुम्हीच विचारलंत, त्याने सांगितलं."

"'त्याने' म्हणजे कुणी?" सारिकाने विचारलं. "सर, ते जॉर्जिया मराठीत आलं. यंत्राला मराठी कुठून येणार? कुणीतरी बसून लिहिलं असेल ना?"

हर्षदने कधी तसा विचार केला नव्हता. त्याने शोधून सांगितलं, की जगभरातल्या देशांची आणि भाषांची नावं एकेका भाषेत उतरवणारी माणसं आहेत. मराठीतलीही कुणा मराठी माणसांनीच केली आहेत, वर्षांपूर्वी, बिनपगारी, आपापल्या घरी बसून. कुणी मागितलं नव्हतं. कुणाच्या कामी येईल हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

सारिका घरी गेली तरी ते तिच्या मनातून जाईना. कुणीतरी अंगोला लिहिलं असेल, मग आर्मेनिया, करता करता जॉर्जियापाशी आलं असेल. पाठ दुखली असेल, चहा गार झाला असेल, घरून कुणी हाक मारली असेल, 'पुरे आता.' त्या माणसाला कधीच कळलं नसतं, की आपण लिहिलेला तो एक शब्द एका बाईने डोळ्यांत प्राण आणून तीनदा वाचला. इंग्रजीत आला असता तरी तिने वाचलाच असता. पण भीतीने डोकं बधिर झालेलं असताना आपल्याच अक्षरात उत्तर येणं म्हणजे अनोळखी गावात कुणी आपल्या नावाने हाक मारणं. तिने हर्षदकडून पत्ता घेतला आणि त्या कामाची देखभाल करणाऱ्यांना मराठीतच पत्र लिहिलं. काय झालं ते सांगितलं, आणि शेवटी लिहिलं: 'जॉर्जिया हा शब्द ज्यांनी लिहिला त्यांना माझा आणि माझ्या सासूचा नमस्कार सांगावा. त्यांनी कधी पोलादपूरला यावं. आमच्याकडे पाहुणचार साधा असतो, पण मनापासून असतो.' हर्षदने खाली दोन ओळी इंग्रजीत जोडल्या. परदेशातल्या कुणा गृहस्थाचं उत्तर आलं, की असं पत्र आम्हाला सहसा येत नाही, योग्य त्या माणसापर्यंत पोचवायचा प्रयत्न करतो.

सुनील आला तेव्हा हवेत गारठा उतरला होता. मुंबईहून राजेशच्या मित्राच्या गाडीने तो थेट वाडीवर आला. पोटावर लांब व्रण, चालताना थोडा वाकलेला, पण हसू तेच. डॉक्टरांनी ओझं उचलायला मनाई केली होती, तरी तिसऱ्या दिवशी तो चुलीशी बसलेला सापडला. ठमाबाईने त्याला पळीचा धाक दाखवून उठवलं.

त्याच आठवड्यात तिने जेवण घातलं. राजेशला मुंबईहून बोलावलं, हर्षदला महाडहून बोलावलं. हर्षद संकोचाने म्हणत होता, "मी कशाला," पण ठमाबाईने त्याला पहिल्या पंगतीला, मुरारींच्या शेजारी बसवला. नाचणीच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, सुक्या जवळ्याची चटणी, आणि गोडाला तांदळाची खीर. जेवणं अर्ध्यावर आली आणि ठमाबाईला आठवलं.

"आन ती? नीनो? तिला कोन जेवाय बोलावनार?"

वाडीत घरात नेटवर्क येत नाही. पाण्याच्या टाकीच्या वर कातळ आहे, तिथे येतं. सुनीलला हात देत सगळे वर चढले. ठमाबाई ताट घेऊनच निघाली होती, भाकरी वाऱ्याने उडू नये म्हणून वर वाटी ठेवलेली. सारिकाने फोन लावला. नीनो रस्त्यातच होती, कामावर निघालेली, गळ्याभोवती लोकरीचा पट्टा. ती थांबली. मागे तिचा राखाडी समुद्र दिसत होता.

ठमाबाईने ताट फोनसमोर धरलं. एकेक पदार्थ बोटाने दाखवत नाव सांगत गेली. नीनो तिच्या मागोमाग म्हणत गेली, "भाकरी. बिरडं." बिरडं तिला जमेना, तीनदा म्हणून पाहिलं आणि स्वतःच हसली. सुनीलने तिला कापलेली नाचणी दाखवली, खालची दरी, पलीकडचे डोंगर.

तिने काहीतरी विचारलं. सारिकाने वाचलं, 'तुमच्याकडे हे पाहायला मी आले तर चालेल का?'

"चालंल म्हंजे?" मुरारी पहिल्यांदाच फोनपाशी आले. त्यांनी टोपी काढून हातात धरली आणि मोठ्याने, समुद्रापलीकडे हाक पोचावी तसं ओरडले, "ये पोरी! कवाबी ये! घर तुजंच हाय!"

सारिका ते लिहायला लागली, तेवढ्यात नीनोने मान हलवली. तिला कळलं होतं.